तिघांचा बंध शोधा : गटात न बसणारी संख्या ओळखताना

‘८, २७, ६४, १०० यांतली गटात न बसणारी संख्या कोणती? आमच्या मुलीने २७ लिहिले, उत्तरसूचीत १०० आहे. तिचे चुकले कुठे?’

संख्या बदलतात, प्रश्न तोच राहतो. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की नाशिकरोडपासून सिन्नर-निफाडपर्यंतचे पालक तो विचारतात. पोलीस भरतीसाठी अभ्यासिकेत बसणारी मुले-मुलीही तेच विचारतात, फक्त त्यांच्या प्रश्नात तीनअंकी संख्या असतात. त्या मुलीचे म्हणणे खोटे नाही, कारण चौघांत २७ ही एकटीच विषम संख्या आहे. उत्तरसूचीही खोटी नाही. ८, २७ आणि ६४ हे २, ३ आणि ४ यांचे घन आहेत, १०० हा कोणत्याच पूर्ण संख्येचा घन नाही. दोन्ही नियम खरे असतील तर वर्तुळ कोणते रंगवायचे? ‘असंच असतं’ एवढ्या उत्तरावर मुलांची बोळवण होते आणि हा विषय नशिबाचा आहे असे त्यांना वाटू लागते. तो नशिबाचा नाही. दोन उत्तरांतून एक निवडण्याची रीत आहे, आणि चौथीच्या मुलालाही ती जमते.

वेगळी संख्या शोधू नका

बहुतेक जण चार संख्यांकडे पाहून ‘यातली वेगळी कोणती?’ असे स्वतःला विचारतात. इथेच घोटाळा सुरू होतो, कारण शोधायला बसलात तर प्रत्येक संख्या वेगळी निघते. वरच्याच गटात ८ ही एकटी एकअंकी, १०० ही एकटी तीनअंकी, २७ एकटी विषम. ६४ एकटी अशी की जी वर्गही आहे आणि घनही. चारही पर्याय ‘सिद्ध’ झाले!

म्हणून प्रश्न उलटा करा. कोणत्या तीन संख्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत? ते नाते सापडले की चौथी आपोआप बाहेर पडते. सापडलेला बंध पुढच्या चार अटींवर क्रमाने तपासा.

१. बंध होकारार्थी हवा. ‘या तिन्ही घन आहेत’ हा बंध झाला. ‘या तिन्हींना ३ ने भाग जात नाही’ हा बंध नव्हे, कारण काहीतरी नसण्याने कोणी कुणाचे नातेवाईक होत नाही. संयुक्त संख्या आणि विषम संख्या यांना पुस्तकात स्वतःचे नाव आहे, म्हणून त्या चालतात, पण त्यांच्याकडे शेवटी वळा.

२. बंध नेमका तिघांचा हवा. दोन-दोन अशी वाटणी झाली तर तो नियम तिथेच सोडा. ६४, १२५, २१६, २८९ या गटात ६४ आणि २८९ वर्ग आहेत, बाकीचे दोन नाहीत. इथे वर्गाचा नियम निरुपयोगी. घनाचा नियम लावा : ६४, १२५, २१६ हे तीन घन, उत्तर २८९.

३. बंध तुमच्या अभ्यासक्रमातला हवा. याबद्दल पुढे देवळालीच्या कापरेकरांच्या निमित्ताने सविस्तर सांगतो.

४. एवढ्यानंतरही दोन बंध उरले तर दुर्मीळ बंध घ्या. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या चौथ्या अटीत आहे.

दुर्मीळ बंध का जिंकतो?

१ ते १०० मध्ये कोणत्या प्रकारच्या संख्या किती असतात ते पाहा :

- सम ५०, विषमही ५०
- ३ ने भाग जाणाऱ्या ३३
- मूळ संख्या २५
- त्रिकोणी संख्या १३ (१, ३, ६, १०, १५, २१, २८…)
- पूर्ण वर्ग १०
- पूर्ण घन फक्त ४ (१, ८, २७, ६४)

आता डोळे मिटून १ ते १०० च्या चार चिठ्ठ्या उचला असे समजा. त्यांत तीन सम-एक विषम किंवा तीन विषम-एक सम अशी वाटणी जवळजवळ निम्म्या वेळा होते. म्हणजे पेपर काढणाऱ्याच्या मनात नसतानाही सम-विषमचा ‘नियम’ गटात शिरतो. तीन चिठ्ठ्या घन निघणे मात्र इतके विरळ की तसे दिसले तर ते कुणीतरी मुद्दाम रचले आहे असे खुशाल समजा. ८, २७, ६४ एकत्र आले ते रचल्यामुळे. २७ एकटी विषम पडली ती योगायोगाने. म्हणून उत्तर १००.

मुलांना हे याच शब्दांत सांगा. ‘तुझे चूक आहे’ म्हणू नका. तिने शोधलेला नियम खराच होता, फक्त तो फार स्वस्त होता. सम-विषम हा बंध शेवटचा पर्याय. बाकी काहीच सापडले नाही तरच तो.

आणखी एक उदाहरण घ्या : २, ७, ९, १३. विषमच्या नियमाने २ बाहेर पडते, मूळ संख्येच्या नियमाने ९. मूळ संख्या विषम संख्यांच्या निम्म्याच असतात, म्हणून उत्तर ९. एकमेव सम मूळ संख्या २ ही अशा गटांत आमिष म्हणून वारंवार ठेवली जाते.

देवळालीचे कापरेकर गुरुजी काय पाहत असत

नाशिककरांना संख्यांच्या छुप्या नात्यांबद्दल बोलायला बाहेरचे नाव शोधायची गरज नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा, पण १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळाशिक्षक होते. विद्यापीठाची मोठी पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. फावल्या वेळात ते संख्यांशी खेळत. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चारअंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळात तुम्ही ६१७४ वर पोहोचता आणि तिथेच थांबता. ३५२४ घेऊन पाहा : ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. १९४९ चा हा शोध पुढे ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून जगभर ओळखला गेला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला देवळाली कळली.

आता हा गट पाहा : ९, ४५, ५५, ६५.

कुणीही सांगेल, उत्तर ९. बाकीच्या तिघांना ५ ने भाग जातो. कापरेकरांना मात्र इथे दुसरेच काही दिसले असते. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. ९ चा वर्ग ८१, ८ + १ = ९. अशा संख्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. ६५ चा वर्ग ४२२५, आणि ४२ + २५ = ६७; ती त्यांच्यात बसत नाही. त्यांच्या नजरेने उत्तर ६५, आणि त्यांचा बंध कितीतरी दुर्मीळ!

तरीही परीक्षेत ९ च लिहा. तिसरी अट चौथीच्या आधी ठेवली ती यासाठी. पेपर काढणारा त्या इयत्तेच्या पुस्तकातले गुणधर्म घेऊन बसलेला असतो. पाचवीच्या मुलाने शोधलेला नियम पाचवीच्या पुस्तकात नसेल, तर तो कितीही सुंदर असला तरी पेपरवाल्याच्या मनातला नाही. तुमच्या मुलाला असे काही सापडले तर मात्र त्याला थांबवू नका. ते वहीत लिहून ठेवायला सांगा. गुण वेगळे आणि हा आनंद वेगळा, आणि मला विचाराल तर दुसरा जास्त टिकतो.

चाळणीचा क्रम

वेळेचे गणित आधी पाहा. शिष्यवृत्तीत ७५ प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे, ५४ सेकंद. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांना ६० मिनिटे, फक्त ३६ सेकंद. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला हवा, प्रत्येक वेळी नव्याने विचार करायला वेळ नसतो. मी सुचवतो तो क्रम असा :

- वर्ग आणि घन. ३० पर्यंतचे वर्ग आणि १२ पर्यंतचे घन पाठ हवेतच. २, ३, ७, ८ ने संपणारी संख्या कधीच पूर्ण वर्ग नसते, हे एकदा डोक्यात बसले की बरेच पर्याय पाहताक्षणी गळतात.
- वर्ग-घनांचे शेजारी. २६, ५०, ६५, ८२ (वर्ग + १) किंवा ७, २६, ६३, १२४ (घन − १). ६, १२, २०, ३०, ४२, ५६, ७२, ९० ही लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकारांची मालिकाही तोंडपाठ असू द्या.
- मूळ संख्या. १०० पर्यंत २, ३, ५, ७ ने, २८८ पर्यंत ११ आणि १३ नेही भाग देऊन पाहा.
- विभाज्यता. ३, ९ आणि ११ च्या कसोट्या.
- अंकांचे आपसातले नाते. बेरीज, गुणाकार, मधला अंक, चढता-उतरता क्रम.
- सर्वांत शेवटी सम-विषम.

अंकांच्या नात्याचे उदाहरण : २५३, ३७४, ६७१, ५८२. पहिल्या तिघींत कडेच्या दोन अंकांची बेरीज मधल्या अंकाइतकी आहे (२ + ३ = ५, ३ + ४ = ७, ६ + १ = ७). ५८२ मध्ये ५ + २ = ७, मधला अंक ८. उत्तर ५८२. ज्याला हे दिसले नाही, पण ११ ची कसोटी येते, तोही तिथेच पोहोचेल, कारण अशा प्रत्येक संख्येला ११ ने भाग जातो. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की पर्याय निर्धास्त रंगवा.

मुले हमखास अडकतात त्या जागा

- मूळ वाटणाऱ्या संयुक्त संख्या : ५१ (३×१७), ५७ (३×१९), ८७ (३×२९), ९१ (७×१३), ११९ (७×१७), १३३ (७×१९), १४३ (११×१३), १६१ (७×२३). ही यादी कपाटाच्या दारावर चिकटवा. २३, २९, ३७, ५१ अशा गटात ५१ वर नजर न थांबणारी हुशार मुलेही असतात.
- १ ही मूळही नाही, संयुक्तही नाही. वर्ग, घन, त्रिकोणी मात्र सगळे आहे.
- ६४ आणि ७२९ या वर्गही आहेत आणि घनही. त्यांच्यामुळे गट दोन-दोन वाटल्यासारखा दिसतो.
- चौघांतही तोच गुणधर्म निघतो. १२१, १६९, २२५, २८९ हे सगळेच वर्ग. मूल गोंधळून पुढे जाते. इथे एक पदर आणखी उलगडायचा : वर्गमुळे ११, १३, १५, १७. त्यांत १५ मूळ नाही, म्हणून उत्तर २२५.
- जोड्यांत वेगळे पद शोधताना पहिल्याच जोडीवर नियम पक्का करणे. ७ : ५०, ९ : ८२, ६ : ३७, ८ : ६३. नियम दोन जोड्यांवर बसला की मगच तिसरीकडे जा. इथे वर्ग + १. ८ : ६३ मध्ये वर्ग − १.

अंक फोडायचे की नाही?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हे नीट वाचावे. स्टाफ सिलेक्शनच्या संख्यासंचांच्या प्रश्नांखाली बहुतेक वेळा एक सूचना असते : क्रिया पूर्ण संख्येवरच करायच्या, १३ चे १ आणि ३ असे तुकडे करून त्यांच्यावर क्रिया करायच्या नाहीत. ही सूचना असेल तर अंकांची बेरीज, मधला अंक वगैरे सगळे बाद. उदाहरणार्थ (२, ७, ५३), (४, ६, ५२), (५, २, २९), (६, २, ४२). तिसरी संख्या पहिल्या दोघींच्या वर्गांची बेरीज आहे : ४ + ४९, १६ + ३६, २५ + ४. शेवटच्या संचात ३६ + ४ = ४०, पण दिले आहे ४२. सूचना न वाचता अंक फोडत बसलात तर ३६ सेकंद तिथेच संपतात.

शिष्यवृत्ती आणि पोलीस भरतीत अशी सूचना सहसा नसते; तिथे अंक फोडणे चालते.

तुमची परीक्षा कोणती, त्यावर निर्णय

- शिष्यवृत्ती : बुद्धिमत्ता चाचणी दुसऱ्या पेपरात, ५० प्रश्न, १०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन अचूक पर्याय नोंदवायचे असतात, आणि प्रश्नातच तसे लिहिलेले असते. तिथे एकच रंगवला तर गुण नाहीत. परीक्षा पाचवी-आठवीऐवजी पुन्हा चौथी-सातवीला घेण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे, तेव्हा पाल्याच्या इयत्तेला लागू असलेली अधिसूचना शाळेतून नक्की करून घ्या.
- एनएमएमएस (आठवी) : बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागातल्या पालकांनी ही परीक्षा सोडू नये.
- नवोदय (सहावी प्रवेश) : दिंडोरी तालुक्यातल्या खेडगावच्या विद्यालयासाठी तयारी करत असाल, तर मानसिक क्षमतेच्या भागात आकृत्या असतात, संख्या नसतात. संख्यांच्या कोड्यांत वेळ घालवू नका, वेगळी आकृती ओळखण्याचा सराव करा.
- पोलीस भरती : लेखी परीक्षेत गुण कापले जात नाहीत. प्रश्न अडला तर खूण करून पुढे जा, शेवटी परत या.
- एमपीएससी, स्टाफ सिलेक्शन : एमपीएससीच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत आणि सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण वजा होतात. तरीही दोन पर्याय बाद करता आले असतील तर उरलेल्या दोघांतून एक निवडणे फायद्याचे आहे. काहीच बाद करता येत नसेल तर सोडा.

खरोखरच दोन उत्तरे निघाली तर

तसेही घडते. समजा प्रश्न असा आहे : ३०, ४२, ५६, ७०. लागोपाठच्या संख्यांचे गुणाकार ५×६, ६×७, ७×८, म्हणून उत्तर ७०. पण ४२, ५६, ७० यांना १४ ने भाग जातो आणि ३० ला जात नाही, म्हणून उत्तर ३०. दोन्ही बंध होकारार्थी, दोन्ही पुस्तकातले. दुर्मीळपणाही मदतीला येत नाही : शंभरच्या आत १४ च्या पटीतल्या संख्या ७, लागोपाठच्या गुणाकारांच्या ९. हा दोष प्रश्नाचा आहे, तुमचा नाही.

परीक्षेच्या वेळी अशा प्रश्नावर अडून बसू नका. एक पर्याय रंगवा आणि पुढे जा. नंतर मात्र गप्प बसू नका. शिष्यवृत्तीची अंतरिम उत्तरसूची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते आणि ठरावीक मुदतीत ऑनलाइन आक्षेप मागवते. पालकही आक्षेप नोंदवू शकतात. मुदतीनंतरचा किंवा पोस्टाने पाठवलेला आक्षेप धरला जात नाही, वैयक्तिक उत्तरही येत नाही. निर्णय अंतिम उत्तरसूचीतच कळतो. एमपीएससी आणि स्टाफ सिलेक्शनमध्येही अशीच सोय आहे.

‘आमच्या मते उत्तर ३० आहे’ एवढे लिहिले तर तज्ज्ञांपुढे ठेवायला काही उरत नाही. असे लिहा :

‘उत्तरसूचीनुसार उत्तर ७०, नियम लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार. मात्र ४२, ५६ व ७० या तिन्ही संख्यांना १४ ने निःशेष भाग जातो (भागाकार ३, ४, ५), ३० ला जात नाही. त्यामुळे ३० हे उत्तरही ग्राह्य ठरते. दोन्ही गुणधर्म इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात आहेत. प्रश्नाला दोन उत्तरे संभवत असल्याने योग्य निर्णय व्हावा.’

सोबत प्रश्नपत्रिकेचा संच, प्रश्न क्रमांक आणि पाठ्यपुस्तकाचे पान द्या. प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर फेकून देऊ नका, हे त्यासाठीच.

घरचा सराव

विकतच्या संचांपेक्षा मला एक खेळ जास्त उपयोगी वाटतो. मुलाने चार संख्यांचा प्रश्न तयार करायचा, आणि तुम्ही त्याचे *दुसरे* उत्तर शोधायचे. सापडले तर त्याने प्रश्न दुरुस्त करायचा. आठवडाभरात मूल पेपर काढणाऱ्याच्या बाजूने विचार करू लागते आणि आमिषे ओळखू लागते. रस्त्यावर एमएच १५ च्या पाट्या आहेतच : पुढच्या चार अंकांना ३, ९, ११ ने भाग जातो का ते गाडी नजरेआड होण्याआधी सांगायचे.

आज संध्याकाळी बसून सोडवायला चार गट. प्रत्येकात तिघांचा बंध शब्दांत लिहा, नुसते उत्तर नको.

१) ३, १०, २१, २४
२) २४६, ३५७, ४६८, ५८९
३) २४, ७०, १३३, १४५ (अंकांची बेरीज करून तिने भागून पाहा)
४) ७, २६, ६३, १२६

उत्तरे : १) २४. बाकीच्या त्रिकोणी संख्या. ३ च्या पटीचा नियम लावून १० लिहिले असेल तर वरची यादी पुन्हा पाहा. २) ५८९. बाकीच्यांत अंक दोन-दोनने वाढतात. ३) १४५. बाकीच्या संख्यांना त्यांच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ म्हटले. २४ लिहिले असेल तर पहिली अट वाचा. ४) १२६. बाकीच्या घनापेक्षा १ ने कमी, ही ५ च्या घनापेक्षा १ ने जास्त.